प्रकल्प 864 (विश्न्या वर्ग), प्रमाण 1:200 – जहाजाच्या मॉडेलच्या कामाच्या नोंदी

4 मे – जहाज ठरवणं

वर्ग (एकाच आराखड्याची जहाजं) आधीच ठरला होता: सोव्हिएत नौदलाची विश्न्या हेरजहाजं. विश्न्या म्हणजे रशियनमध्ये चेरी, पण हे नाव नाटोनं ठेवलेलं. रशियन कागदांवर हा प्रकल्प 864. एकूण सात जहाजं, सगळी पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या स्तोच्निया पुव्नोत्स्ना गोदीत बांधलेली आणि 1985 ते 1988 च्या दरम्यान नौदलात आलेली. पूर्ण भारात साधारण 3,470 टन, दोन डिझेल इंजिनं, वेग 16 नॉट. दिवसेंदिवस एका जागी तळ ठोकून दुसऱ्याचं बोलणं ऐकणारं जहाज. पळापळीचं काम त्याच्याकडे नाही.

पहिली चूक यादीतच झाली. नावं गोळा करत गेलो आणि यादी सातावरून दहावर गेली. तीन जहाजांची नावं नंतर बदलली आहेत. मेरिडियान तेच अद्मिराल फ्योदर गोलोविन, पेलोरुस तेच वासिली तातिश्चेव, ओदोग्राफ तेच व्हिक्तर लिओनोव. बाकी चार म्हणजे प्रियाझोव्ये, ताव्रिया, कुरीली आणि कारेलिया. फोटोखाली जुनं नाव असलं की ते वेगळं जहाज समजून वेगळ्या फोल्डरात टाकत होतो, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. फोल्डर नावाचे करू नका, बाजूवरच्या क्रमांकाचे करा: 175, 520, 231 असे.

आणखी एक सूचना. हेरजहाज म्हटलं की लोक मासेमारी ट्रॉलर शोधतात, कारण जुन्या वर्गांत ओकेआन आणि मायाक खरंच ट्रॉलरच्या सांगाड्यावर केलेले होते. मोठ्या प्रिमोर्ये वर्गाचा सांगाडाही मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या ट्रॉलरचाच. विश्न्याचा तसा नाही. त्यामुळे ट्रॉलरचं तयार किट आणून वर इमले चढवण्याचा शॉर्टकट इथे चालत नाही.

आम्ही घेतलं व्हिक्तर लिओनोव, क्रमांक 175, क्युबातल्या हवानाच्या धक्क्यावर, जानेवारी 2015. दिवस का ठरवला ते 9 जुलैच्या नोंदीत कळेल. तेव्हा तो फक्त कागदावर ठरवला होता, पाळला नव्हता.

11 मे – लांबीचा घोळ

लांबीचे दोन आकडे फिरतात: 91.5 मीटर आणि 94.4 मीटर. रुंदी 14.6 धरायला हरकत नाही. 1:200 ला पहिल्या आकड्यानं 457.5 मिमी येते आणि दुसऱ्यानं 472. साडेचौदा मिलिमीटरचा फरक, म्हणजे नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) अख्खा उतार.

फोटोवरून निकाल लावायचा प्रयत्न फसला. वरून घेतलेल्या चित्रात लांबी भागिले रुंदी काढली. 91.5 ला उत्तर 6.27 यायला हवं, 94.4 ला 6.47. पण जहाजाची रुंदी चित्रात जेमतेम तीस पिक्सेल. तिथे एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की उत्तर थेट 6.25 ते 6.70 मध्ये कुठेही जातं. गुणोत्तराचा नाद सोडला आणि बाल्टिस्क या रशियन नौदलतळाच्या धक्क्याला उभ्या असलेल्या याच वर्गातल्या जहाजाची लांबी उपग्रहचित्रावर फूटपट्टीच्या साधनानं सरळ मोजली. लांबीत पिक्सेल भरपूर, म्हणून चूक कमी. पाचही मोजण्या 94 च्या आसपास आल्या. 472 पक्के.

पाण्याखालचा भाग करायचा नाही असं इथेच ठरवलं. तळाचे फोटो नाहीत आणि अंदाजानं केलेला तळ जाणकाराच्या नजरेला लगेच खटकतो. पाणरेषेपासून वरचं मॉडेल.

19 मे – लेझरची पहिली खेप वाया

फ्रेमा (आडव्या बरगड्या) आणि कणा 2 मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी फोम लेझरवर देऊ नका, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वाफ निघते आणि मशीनही गंजतं. शहाणा दुकानदार स्वतःच नाही म्हणतो.

ड्रॉइंगमध्ये खाचा 2.0 मिमीच्या ठेवल्या. शीट आल्यावर व्हर्नियर लावला तर जाडी 1.8. वर लेझरची किरण दोन्ही कडा मिळून 0.15 जाळते, त्यामुळे खाच झाली 2.15. एकवीस फ्रेमा 0.35 च्या ढिलाईनं कण्यावर बसल्या आणि चिकटवता चिकटवता कण्याला पीळ बसला. सपाट काचेवर ठेवला तर नाळ टेकते आणि पिछाडी 3 मिमी वर. गरम पाण्यात घालून सरळ करायचा प्रयत्न केला. झाला नाही, वर दोन फ्रेमा तडकल्या.

650 रुपये आणि आठवडा गेला. दुसऱ्या खेपेला खाच 1.65 काढली, ती कापल्यावर 1.80 झाली. बोटानं दाबून बसते, हलत नाही. आधी शीट विकत घ्या, मग मोजा, मग ड्रॉइंग.

चिकटवायला साइनबोर्डवाले वापरतात ते क्लोरोफॉर्म. इंजेक्शनच्या सिरिंजनं सांध्यावर एक थेंब, तो केशाकर्षणानं आत जातो. खिडकी उघडी ठेवून, पंखा पाठीमागून. एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नाही.

30 मे – बरगड्या दिसू लागल्या

बाजूंना 0.5 मिमीची हाय-इम्पॅक्ट स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट. फ्रेमांमधलं अंतर साधारण 24 मिमी ठेवलं होतं, तेच अंगाशी आलं. क्लोरोफॉर्म फ्रेमच्या कडेवर जरा जास्त गेलं, शीट तिथे मऊ झाली आणि वाळताना आत ओढली गेली. दोन दिवसांनी उजेड तिरपा पाडून पाहिलं तर दुष्काळातल्या बैलासारख्या बरगड्या मोजता येत होत्या.

आतून आधार देऊ म्हणून फ्रेमांच्या मधे थर्माकोलचे ठोकळे भरले. ते क्लोरोफॉर्मच्या वाफेनंच विरघळले, थेंब लागायचीही गरज पडली नाही. मूर्खपणा आमचा, बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं.

उपाय: सगळी शीट उचकटली. फ्रेमांच्या मधे 10 मिमी सनबोर्डचे ठोकळे फेविकॉलनं बसवले आणि दोन दिवस वाळू दिले. मग फ्रेमांच्या कडेला समतल होईपर्यंत 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासले. पेपर हातात धरून नव्हे, लांब लाकडी पट्टीला चिकटवून. हातानं घासलं की मऊ सनबोर्ड खोल जातो, कडक अ‍ॅक्रिलिक उंच राहतं आणि बरगड्या परत हजर. त्यावर नवीन शीट. फ्रेमवर क्लोरोफॉर्म नावापुरतं, ठोकळ्यांवर पातळ कॉन्टॅक्ट सिमेंट.

9 जून – नाळ

बाजूची शीट सरळ भागात नीट बसते, नाळेशी बसत नाही. तिथे बाजू वर जाताना बाहेर कलते आणि त्याच वेळी पुढे मिटते, असा दुहेरी बाक एकसंध शीट घेत नाही, कुठेतरी फुगवटा सोडते. पुढच्या 90 मिमीपुरत्या 5 मिमीच्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला 3 मिमीपर्यंत निमुळती. कोकणात होडीला फळ्या चढवतात तोच प्रकार, फक्त हातात चिमटा. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूच्या सगळ्या लावल्या तर नाळ त्या बाजूला ओढली जाते. आमची अर्धा मिलिमीटर ओढली गेलीच. पुढे डेकच्या कठड्यात लपली.

फटी भरायला गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडचा पॉलिस्टर बॉडी फिलर. आधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी वापरून पाहिली होती. ती वाळताना आकसते, आज सपाट केलेली फट चार दिवसांनी परत घळ होऊन दिसते. एम-सील दगडासारखा कडक होतो, आजूबाजूची स्टायरीन आधी झिजते. बॉडी फिलरमध्ये हार्डनर सांगितल्याच्या निम्मा घाला, नाहीतर ताटलीतच गोळा होतो.

24 जून – इमले

भिंती 1 मिमी स्टायरीन, माणसाच्या उंचीवरून मोजलेल्या. फोटोत कठड्याशी उभा खलाशी सापडला की काम सोपं होतं: 1.75 मीटरचा माणूस 1:200 ला 8.75 मिमी. मजल्याची उंची, दाराची चौकट, फलाटांमधलं अंतर, सगळं त्याच्या पटीत काढलं. मात्र तो माणूस आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात. अलीकडच्या कठड्यावरचा खलाशी धरून पलीकडचं धुराडं मोजलं आणि ते 4 मिमी बुटकं झालं. परत केलं.

गोल खिडक्यांसाठी 1.5 मिमीचं ड्रिल. ओळीत भोकं पाडताना ड्रिल घसरतं, म्हणून आधी कर्कटकाच्या सुईनं टोचा, मग 0.8, मग 1.5. थेट 1.5 लावलेल्या पहिल्या भिंतीवर ओळ नागमोडी झाली, ती भिंत आता ब्रश पुसायच्या कामाला. काचा बसवताना फेविक्विक नको, त्याच्या वाफेनं पारदर्शक भाग दुधाळ होतो. रंगकाम झाल्यावर भोकात ग्लॉस वार्निशचा थेंब सोडला, पुरेसा आहे.

9 जुलै – दोन जहाजांचं एक जहाज

ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची, बाकीच्या नाही वाचल्या तरी चालतील.

पुढच्या डोलकाठीमागच्या छताची मांडणी तीन फोटोंवरून केली होती. गोल डोम (अँटेनावरची घुमटासारखी झाकणं), चौकोनी पेटारे, खांब, छोटे फलाट, सगळं मोजून, कापून, चिकटवून झालं. आज हवानाच्या फोटोंशी शेवटचं ताडून पाहिलं तर तीन गोष्टी जुळेनात. तिन्ही फोटो परत मोठे करून पाहिले. एकात क्रमांक धुरकट होता, शेवटचा आकडा 5 दिसला म्हणून आम्ही 175 धरला. ते 535 होतं, कारेलिया. पॅसिफिकमधलं जहाज. दुसरा फोटो आमच्याच जहाजाचा, पण ओदोग्राफ असतानाचा. फक्त तिसरा बरोबर.

या जहाजांचा सांगाडा एक, इंजिनं तीच, पण वरचा संसार प्रत्येकीचा वेगळा. अँटेना हाच या जहाजाचा धंदा. उपकरण जुनं झालं की उतरवतात, नवं चढवतात, दर मोठ्या दुरुस्तीत छत बदलतं. युद्धनौकेची तोफ तीस वर्षं जागची हलत नाही, हेरजहाजाचा डोम हलतो. म्हणून 'विश्न्या वर्गाचं मॉडेल' असं काही करता येत नाही. एका जहाजाचं, एका भेटीचं करता येतं.

हवानातही भेटी एकाहून जास्त आहेत हे लक्षात ठेवा. फेब्रुवारी 2014 ची एक आणि 20 जानेवारी 2015 ची दुसरी, ती अमेरिका-क्युबा बोलणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची, म्हणून तिचे फोटो जास्त छापून आले. फोटोखालच्या ओळीत या दोन भेटींची सरमिसळ सर्रास होते. फोटो मूळ वृत्तसंस्थेच्या तारखेवरूनच निवडा.

छत अख्खं उचकटलं. बत्तीस भाग केले होते, त्यांतले अकरा परत वापरता आले. वेळ: अडीच आठवड्यांचं काम पाण्यात. आता भिंतीवर फक्त नऊ फोटो आहेत, सगळे एकाच भेटीचे, प्रत्येकावर लाल पेनानं बाजू लिहिलेली. ज्या कोपऱ्याचा फोटो नाही तिथे काहीही बसवायचं नाही, कोरा ठेवायचा.

20 जुलै – डोलकाठ्या

उभे खांब पितळी तारेचे, आडव्या काठ्या आणि जाळीकाम तांब्याच्या तारेचं. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते: 26 गेज म्हणजे 0.46 मिमी, 33 गेज म्हणजे 0.25 मिमी. शंभर रुपयांत जन्मभराची. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय कथील धरत नाही. पहिला सांधा तीनदा सुटला तेव्हा हे आठवलं. मऊ तार सरळ करायला एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पकडीत, आणि ती किंचित लांब होताना हाताला जाणवेपर्यंत हळू ओढा. सरळही होते आणि ताठही.

जाळीकाम हवेत जोडता येत नाही. सनबोर्डवर ड्रॉइंग चिकटवलं, दोन्ही बाजूंना टाचण्या ठोकल्या, तारा त्यांच्यात अडकवल्या आणि मग डाग दिले. दुसरा सांधा तापवताना पहिला सुटू नये म्हणून पहिल्यावर ओल्या टिश्यूचा तुकडा. 60 वॉटचं सोल्डरिंग चालत नाही, अख्खी जाळी तापते. 25 वॉट, टोक नव्यानं घासलेलं.

जिथे नळी हवी तिथे इंजेक्शनच्या सुया. 18 गेज 1.27 मिमी, 21 गेज 0.82, 23 गेज 0.64, 26 गेज 0.46, म्हणजे 18 मध्ये 21 आणि 21 मध्ये 26 सरकवून वर निमुळता होत जाणारा खांब तयार होतो. पकडीनं कापली तर सुई चपटी होते. त्रिकोणी कानशीनं भोवती खाच करून मोडा. स्टेनलेसला साध्या रोझिन फ्लक्सनं कथील लागत नाही, तिथे अ‍ॅराल्डाइट.

29 जुलै – डोम

गोल डोम मण्यांचे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास 4 मिमीपासून 20 मिमीपर्यंत मोत्याचे मणी पाकिटात मिळतात. वरचा चमकदार मुलामा काढावाच लागतो, नाहीतर रंगासकट सालपट निघतं. थिनरमध्ये बुडवले तर मणीच चिकट झाला. टूथपिकवर घट्ट बसवून ती छोट्या ड्रिलमध्ये धरली, हळू फिरवत 600 च्या ओल्या पेपरनं घासलं. एका मण्याला चार मिनिटं.

मण्याचं भोक उभं ठेवा. वरचं बॉडी फिलरनं भरायचं, खालच्यात सुईचा तुकडा बसवून तोच छतात रोवायचा. पहिल्यांदा भोक आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी भरलं होतं. खाली नुसत्या फेविक्विकवर उभा असलेला डोम बोट लागताच निखळला आणि गॅलरीतून खाली गेला. सापडला नाही.

8 ऑगस्ट – पावसाळ्यात स्प्रे

हवेतली आर्द्रता 88 टक्के, तरी घाई केली. एनसी प्रायमरचा स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत सगळ्या बाजूंवर पांढरट झाक. कारण साधं आहे: थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि आत अडकते. पॉलिश पेपरनं जात नाही, ती थराच्या आत असते. खोलीत दोन दिवस शंभरचा दिवा लावून, आर्द्रता 60 खाली आल्यावर त्यावर हलका दुसरा हात मारला; बराचसा गेला. पिछाडीचा एक पट्टा मात्र खरवडावा लागला.

23 ऑगस्ट – सुरकुत्या

करडा रंग इनॅमलचा, घरी मिसळलेला: पांढऱ्याच्या वीस भागांत काळ्याचे तीन आणि निळ्याचा अर्धा. छोट्या मॉडेलवर खरा रंग गडद वाटतो, म्हणून थोडा उजळ. ब्रश नको, हवेचा ब्रशच, तीन पातळ हात.

तीन दिवसांनी त्यावर एनसीचं मॅट वार्निश मारलं. डोळ्यादेखत रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला. इनॅमल वरून कोरडं लागतं, आत दोन-तीन आठवडे कच्चंच असतं. एनसीचा कडक थिनर त्यात घुसतो. खाली एनसी आणि वर इनॅमल चालतं, उलटं नाही. उजवी बाजू पूर्ण खरवडून परत रंगवली. वार्निश आता पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक.

7 सप्टेंबर – डेक

लालसर तपकिरी. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड मेटल प्रायमर रंगाला जवळ जातो, पण दाणा जाड, 1:200 ला डेकवर वाळू पसरल्यासारखा दिसतो. नायलॉनच्या मोज्यातून दोनदा गाळला, त्यात दहावा भाग पांढरा घातला. गाळल्यावर डब्यात उरलेला गाळ मात्र गंजाच्या ओघळांसाठी उत्तम: नांगराच्या भोकाखाली अगदी बारीक रेघ, खाली ओढलेली. फार करू नका. हे जहाज बंदराला भेट द्यायला आलंय, भेटीआधी खलाशांच्या हातात ब्रश देतात.

18 सप्टेंबर – कठडे

कठडा 1.1 मीटर, म्हणजे 5.5 मिमी. सगळे डेक मिळून लांबी 2.4 मीटर आली, दर 7.5 मिमीला एक खांब धरला तर 320 खांब. पहिले 40 हातानं केले, त्यात चार संध्याकाळी गेल्या आणि दोन खांब सारखे नाहीत. इथे हट्ट सोडला. रासायनिक कोरीव पितळी कठड्याची पाकिटं परदेशातून मागवली, कस्टम धरून 3,900 रुपये. आख्ख्या कामातला सगळ्यांत मोठा खर्च हाच, आणि पश्चात्ताप नाही.

पितळ लावण्याआधी मेणबत्तीवर नव्हे, गॅसच्या मंद ज्योतीवर क्षणभर लालसर करून हवेत गार करा. मऊ पडतं आणि नाळेच्या बाकावर उसळी मारत नाही.

30 सप्टेंबर – तोफा

दोन एके-630, सहा नळ्यांच्या 30 मिमी तोफा. बुरूज लेथवर नाही, पेनाच्या टोपणाच्या गोल टोकातून कापले. नळ्यांच्या जुडग्याला 18 गेजची सुई डोळ्याला पटते, 21 ची उगाच बारीक दिसते. चार-चार नळ्यांचे दोन स्ट्रेला क्षेपणास्त्र स्टँड 26 गेजच्या सुईतून. एक तास, काही बिघडलं नाही.

12 ऑक्टोबर – क्रमांक

पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर होत नाहीत, तो पांढरी शाई छापत नाही. गाड्यांच्या नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून पातळ पांढऱ्या विनाइलमध्ये कापून घेतली. उंची 6 मिमी. त्याचं मशीन 5 च्या खाली अक्षराचा कोपरा फाडतं.

ऑर्डर मोबाइलवर 'एसएसव्ही 175' अशी पाठवली. त्यानं इंग्रजी एस, एस, व्ही कापून दिले. चूक त्याची नाही. उच्चार एसएसव्हीच आहे, पण रशियन लिपीत ही अक्षरं इंग्रजी सी, सी, बी सारखी दिसतात. अर्थ 'संपर्क जहाज', हेरजहाजाला दिलेलं सभ्य नाव. रेडियमवाल्याला रशियन फॉन्ट लागत नाही. सी, सी, बी टाइप करा, आकार तोच. 80 रुपये दुसऱ्यांदा.

झेंड्याचंही इथेच. 2015 चं जहाज म्हणजे पांढऱ्यावर निळा तिरपा क्रूस, 1992 पासूनचा. सोव्हिएत काळातलं ओदोग्राफ करणार असाल तर सोव्हिएत नौदलाचा: पांढरा, खाली निळी पट्टी, वर लाल तारा आणि विळा-हातोडा. जुना झेंडा आणि लिओनोव हे नाव एकाच मॉडेलवर पाहिलंय, तसं करू नका.

26 ऑक्टोबर – तारा आणि काठ्या

उभ्या चाबूक-अँटेनांसाठी गिटारची सगळ्यांत बारीक तार, 0.23 मिमी. निमुळती हवी तिथे प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढलेली.

आडव्या तारांना जुलैत नायलॉनचा धागा लावला होता, तेव्हा ताठ होता. नायलॉन हवेतला ओलावा पिऊन लांबतो; ऑगस्टमध्ये सगळ्या तारा दोरीवरच्या कपड्यांसारख्या लोंबल्या. ऑक्टोबरच्या उन्हात आवळल्या गेल्या आणि मागच्या डोलकाठीचं वरचं टोक दीड मिलिमीटर पुढे ओढलं. सगळा धागा कापून काढला. त्या जागी शिवणकामातला लवचीक धागा, एका पदरापुरता उसवून, किंचित ताणून लावला. पाऊस-ऊन दोन्हीत तोच ताण राहतो. गाठ मारायची नाही, फेविक्विकचा टिंब आणि वर काळ्या इनॅमलचा ठिपका.

डोलकाठी परत सरळ झाली नाही. गरम सोल्डरिंगचं टोक बुडाशी टेकवून वाकवून पाहिलं, तर खालच्या फलाटाचा डाग सुटायला लागला म्हणून थांबलो. ती तशीच आहे. डावीकडून पाहिलं तर दिसते, म्हणून काचपेटीत उजवी बाजू पुढे.